आजऱ्याहून आलेला राम राम

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या सरव्यवस्थापकांचा आजऱ्याहून तारेवरून अपमान झाला. कोल्हापुरात माणसाचा अपमान तोंडावर होतो, त्याला तार लागत नाही. म्हणून सगळी कचेरी उठून मशीनच्या खोलीत जमली.

सरव्यवस्थापक म्हणजे हंबीरराव. आमचा सह्यकिनारा काजू व भात उत्पादक संघ तेच चालवायचे. मुख्य कचेरी कोल्हापुरात, कसबा बावड्याच्या रस्त्याला, आणि माल सगळा ऐंशी किलोमीटरवर आजऱ्याला. सत्त्याऐंशी साली संघानं टेलिफोन खात्याकडून आजऱ्यापर्यंत खास एक तार भाड्यानं घेतली. दोन्ही टोकांना टाइप करायचं एकेक मशीन, आणि मशीन व तार यांच्या मधे पत्र्याचा एकेक डबा. त्या डब्याला मोडेम म्हणत. आम्ही लिहिलेल्या ओळीची तो शिट्टी करायचा, शिट्टी तारेवरून आजऱ्याला जायची आणि तिथला डबा त्या शिट्टीची पुन्हा ओळ करायचा. आमचे शिपाई गणपतराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "नावच मोडेम हाय म्हटल्यावर मोडंलच की कवातरी."

हे सगळं सांभाळायला मी होतो. बाळासो, वरिष्ठ लिपिक, अक्षर मोत्यासारखं, वय अवघं अडतीस. वयाचा मुद्दा पुढं येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. रोज सकाळी ठीक दहाला मी आजऱ्याला 'राम राम' पाठवायचा, मनगटावरच्या घड्याळात बघायचं, आणि तिकडून 'राम राम' यायला किती सेकंद लागले ते रजिस्टरात लिहायचं. लाइनची तब्येत कळायचा संघापाशी दुसरा मार्ग नव्हता. दुपारी चारला आजऱ्याहून भाताचे आणि काजूचे आकडे यायचे. मोडेम माझ्या खुर्चीमागच्या कोनाड्यात असायचा. दिवसभर चालू राहून तो असा तापायचा की पाठ शेकून निघायची. कोनाड्याला माझ्या बायकोनं क्रोशाचा पडदा विणून दिला होता. आमच्या घरी रेडिओला, शिलाई मशीनला, टीव्हीला, सगळ्यांना अंगभर कपडे आहेत. बिचारा मोडेमच उघडा का राहावा?

तर त्या मंगळवारी अध्यक्षांचा फोन आला, आज भात किती आला म्हणून. चार वाजेपर्यंत थांबतील तर ते हंबीरराव कसले? मला उठवून ते स्वतः मशीनवर बसले आणि एका बोटानं टाइप करू लागले. मशीन इंग्रजी लिपीचं होतं, मराठी आम्ही त्यातच बसवायचो. ओळ पुरी झाली की बटण दाबायचं, मग ती पुढं जायची. कागदावर उमटलेला मजकूर मी इथं जसाच्या तसा देतो. पहिली ओळ साहेबांची, दुसरी आजऱ्याची, आणि असंच पुढं.

आज भात किती आला?
आज भात किती आला?
मी विचारतो.
मी विचारतो.
तू कोम?
तू कोम?
तुला अक्कल हाय का?
तुला अक्कल हाय का?
मी बघून घेतो.
मी बघून घेतो.

साहेबांना 'कोण' म्हणायचं होतं. बोट शेजारच्या अक्षरावर पडलं. पण आजऱ्यानं तीसुद्धा चूक वेडावून दाखवली होती.

"बगितलंस?" हंबीरराव म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "बटणावरचं बोट उचललं न्हाय तवर उत्तर! आधीच लिवून तयार ठिवलंय बग तिनं."

तिनं म्हणजे मेहमुदानं. आजऱ्याच्या मशीनवर दुसरं कोणी बसतच नव्हतं.

२

मेहमुदा चोवीस वर्षांची. मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली, दोन वर्षं आमच्याकडं हंगामी. तिचे वडील मीरासाब आजऱ्यात भांड्यांना कल्हई करायचे. त्या धुरानं त्यांचे डोळे अधू झाले आणि भट्टी बंद पडली. तेव्हापासून घर तिच्या नोकरीवर होतं. एक जानेवारीला ती कायम व्हायची होती. कागद तयार होता, फक्त हंबीररावांची सही राहिली होती.

त्या सहीऐवजी मंगळवारी दुपारी मेमो निघाला. मीच तो मोत्यासारख्या अक्षरात लिहिला: 'कार्यालय प्रमुखास उद्देशून उद्धट भाषा वापरल्याबद्दल आपणांस कामावरून कमी का करू नये? शुक्रवारी सकाळी साडेदहाला कोल्हापुरी समक्ष हजर राहून खुलासा करावा.'

चारला आजऱ्याचे आकडे नेहमीसारखे आले. खाली मेहमुदाची एक ओळ होती: 'आजही सकाळी लाइन नव्हती.' ही ओळ ती गेले काही दिवस रोज घालायची. मी रोजच्यासारखं उत्तर दिलं, 'होती. रजिस्टरात नोंद आहे.' तिचं हे रोजचं खोटं ऐकून मला मनापासून वाईट वाटायचं. शिकलेली मुलगी, तिला असली सवय शोभत नव्हती.

शुक्रवारच्या चौकशीला लाइनमधलं कळणारा कोणीतरी तिऱ्हाईत माणूस हवा होता. हंबीररावांनी आपल्या आत्याला बोलावलं. झुंबरबाई म्हणजे ट्रंक टेलिफोनवर अठ्ठावीस वर्षं कानाला भोंगा लावून निवृत्त झालेली बाई. नुसत्या खरखरीवरून लाइन कुठल्या गावात बिघडली ते सांगायच्या, अशी ख्याती. आत्या आपल्या बाजूनं निकाल देईल असं साहेबांना वाटलं असावं. त्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, रिक्षातून उतरल्या आणि फाटकातूनच ओरडल्या, "हंब्या! कुठं हाय तुझी ती बोलकी तार?"

सगळी कचेरी टेबलावरच्या कागदांत डोकं घालून गंभीर झाली. हसलं कोणीच नाही. नोकरी सगळ्यांनाच होती.

३

झुंबरबाईंनी आधी मशीनवरचा कागद वाचला. मी हळूच एक मुद्दा सुचवला. रहस्याची मला पहिल्यापासून आवड.

"बाई, इथं 'बघून घेतो' असं आहे. बाईमाणूस 'घेते' म्हणेल. म्हणजे आजऱ्याला कोणीतरी पुरुष बसला असला पाहिजे."

"पुण्यात ऱ्हातोस व्हय रं?" त्या म्हणाल्या. "कोल्हापुरातली बाई 'मी जातो, मी येतो' असंच म्हणती. मी बी तसंच बोलतो. मी काय पुरुष हाय?"

माझा मुद्दा तिथंच संपला.

मग लाइनमन गैबी आला. तारेला काही झालं की खात्याकडून हाच यायचा. सकाळी त्याची फेरी दुसऱ्या बाजूला, त्यामुळं आमच्याकडं तो रोज तीननंतरच उगवायचा. "दोनदा तपासली, मावशी," तो म्हणाला. "हितनं आजऱ्यापतूर खांब न् खांब बगितला. तारंत दोष न्हाय. मी म्हंतो, माणसात आसंल."

"कंच्या माणसात?"

गैबीनं माझ्याकडं पाहिलं. मला ते आवडलं नाही.

नंतर माझी पाळी. मी रजिस्टर पुढं ठेवलं आणि थोडा अभिमानानंच बोललो. नोव्हेंबरात आजऱ्याचा राम राम यायला पंचवीस, तीस, कधी चाळीस सेकंद लागायचे. आणि चार डिसेंबरपासून रोज एक सेकंद! एक, एक, एक, एक, सगळा रकाना एकसारखा. शेऱ्यात रोज 'लाइन उत्तम'. मी लाइनकडं असं बारीक लक्ष ठेवल्यावर ती सुधारली, असा अहवालही मी अध्यक्षांकडं पाठवला होता. अध्यक्षांनी त्यावर 'शाब्बास' लिहिलं होतं. तेही मी दाखवलं.

झुंबरबाईंनी चष्मा वर केला. "पोरगी राम राम लिवती तवा निस्तं राम राम लिवती?"

इथं मी जरा घुटमळलो. "पूर्वी 'राम राम काका' लिहायची. आता नुसतं राम राम असतं."

"कवापासनं?"

मी रोजचे कागद काढून बघितले. चार डिसेंबरपासून.

"मग इचारलं न्हाईस, काका का गाळला म्हणून?"

विचारणार कसा? अडतीस वर्षांचा माणूस मी, रोज सकाळी दहाला मला काका व्हावं लागायचं. तो काका ज्या दिवशी गेला त्या दिवशी मी संध्याकाळी आरशात बघून भांग पाडला होता. 'वय अडतीस' एवढंच मी झुंबरबाईंना सांगितलं, पण बाकीचं माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं. "बरं, बरं, अडतीसच," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कोनाड्याचा पडदा वर केला. आत मोडेम शांत बसला होता. वरच्या बाजूला तीन बटणं आणि सगळीकडं धूळ, पण मधोमध वाटोळी एक जागा अगदी स्वच्छ. झुंबरबाईंनी त्या गोलावरून बोट फिरवलं. कडेला पांढरा एक ठिपका वाळला होता. तो नखानं खरवडून त्यांनी हुंगला.

"चुना असेल," मी म्हणालो. "गैबी पान खातो." गैबीचं मघाचं बघणं मी विसरलो नव्हतो.

साहेबांचं जेवण त्या दिवशी लांबलं होतं, म्हणून आत्या-भाचे साडेतीनला जेवायला बसले. गणपतरावांनी वाढलं. भाकरी, वांगं, आणि शेवटी घट्ट, कवडीसारखं दही. वैद्यानं हंबीररावांना पोटासाठी रोज ताजं दही सांगितलं होतं आणि गणपतराव घरच्या म्हशीच्या दुधाचं ते लावायचे.

"काय दही हाय!" झुंबरबाई म्हणाल्या. "आमच्यात ह्या थंडीत दोन दोन दीस लागत न्हाय. तुजं कसं रं लागतंय?"

"हाताचा गुण, मावशी," गणपतराव लाजून म्हणाले आणि ताट उचलून भराभर बाहेर गेले.

"मशीनला हात लावतोस का कवा?" झुंबरबाईंनी मागून विचारलं.

गणपतरावांचा दारातून आवाज आला. "बोट लावलं न्हाय मशीनला. जोतिबाची आण!"

ही आण अगदी खरी होती, हे मला शुक्रवारी कळलं.

४

शुक्रवारी मेहमुदा पहाटेच्या एसटीनं आली. दोन वर्षं मी तिच्याशी रोज बोलत होतो, पण तिला पहिल्यांदाच बघत होतो. बारीक चणीची, डोक्यावर पदर, हातात मेमो. तो इतक्या वेळा उघडला-मिटला असावा की घडीवर फाटला होता. ती दारातच थांबून मला म्हणाली, "राम राम काका."

प्रत्यक्ष आवाजात तो शब्द वेगळाच वाटला. मी मान खाली घातली.

हंबीरराव खुर्चीत, शेजारी झुंबरबाई, पलीकडं मी कागद-पेन घेऊन. मेहमुदा उभीच.

"हे तू लिवलंस का न्हाईस?" हंबीररावांनी मशीनवरचा कागद तिच्यापुढं धरला.

"न्हाय साहेब. मी कशापायी असं लिवीन? सकाळी दहापासनं दोनपतूर मशीन मुकं असतंय. डब्यावरचा दिवा बी जातोय. मी रोज कळवतो काकांस्नी."

"आनि राम राम कोन करतंय मग? तुजा आजा?"

मेहमुदा हटली नाही. "साहेब, माजी नोकरी घालवायची तर घालवा. घरात बा आंधळा बसलाय, त्येला मी काय सांगायचं ते माजं मी बगीन. पर न केलेलं केलं म्हणून मी सही करणार न्हाय."

मेमो माझ्याच अक्षरात होता आणि त्या अक्षराचा मला पहिल्यांदा राग आला.

झुंबरबाईंनी शांतपणे विचारलं, "आज आजऱ्याला मशीनवर कोन बसलंय?"

"कुनी न्हाय, बाई. खोलीला कुलूप लावून आलोय." तिनं कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "येकच किल्ली हाय."

"दुसरी माझ्या तिजोरीत आहे," हंबीरराव म्हणाले. रागाच्या भरात ते चौकशीच्या शुद्ध मराठीत शिरले होते.

"झ्याक," झुंबरबाई म्हणाल्या. "बाळासो, घाल बगू आजऱ्याला राम राम."

मी मशीनवर बसलो. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी 'राम राम' लिहिलं, बटण दाबलं आणि हात मांडीवर घेतले.

मशीन खडखडलं. कागदावर खाली ओळ उमटली.

राम राम

आजऱ्याच्या कुलूपबंद, रिकाम्या खोलीतून. एका सेकंदात.

५

हंबीरराव उभे राहिले. सहा फूट उंचीचा तालमीतला माणूस, पण रंग उतरला. "भूत," ते म्हणाले. त्यांचं शुद्ध मराठी पुन्हा पळून गेलं. "आत्या, त्या खोलीच्या मागं जुनी चिंच हाय बग."

"चिंचंला टायपिंग येतंय व्हय रं? खाली बस." झुंबरबाईंनी त्यांना मनगटाला धरून बसवलं. "हाय ते साधं हाय. किल्ली हितं, पोरगी हितं, तितं कुनी न्हाय. मग हे उत्तर आजऱ्याचं न्हवंच. आजऱ्याहून आलेलं न्हाय ते कुठनं आलं?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मशीनपाशी मी एकटाच होतो.

"त्येच्याकडं बगू नगासा. ह्येला अपमान करता आला असता तर आजवर साहेब झाला असता," झुंबरबाई म्हणाल्या. याबद्दल मी अजूनही त्यांचा ऋणी आहे की नाही ते ठरलेलं नाही.

मग त्या बोटांवर मोजत बोलू लागल्या.

"येक म्हंजे सेकंदाचं. माणूस राम राम वाचणार, हात उचलणार, टाइप करणार. पंचवीस-तीस सेकंद लागणारच. येका सेकंदात माणूस उत्तर देत न्हाय, भिंत देती. बाळासोच्या रजिस्टरात लाइन सगळ्यात चांगली दिसती ती नेमकी मेलेल्या दिवसांत. दुसरं, 'कोम'. हंब्याचं बोट चुकलं, तर पोरीचं बी तितंच कसं चुकंल? तिसरं, काका. ह्या पोरीनं दारातनंच काका म्हटलं. वडीलधाऱ्याला ही निस्तं राम राम घालायची न्हाय. तवा चार तारखेपासनं हिचा येक बी शब्द सकाळी हितं आलेला न्हाय."

"मग कुणाचे शब्द आले?" मी विचारलं.

"तुजे तुला. मंगळवारी हंब्याचे हंब्याला."

मंगळवारचा कागद हंबीररावांच्या हातातच होता. त्यांनी तो पुन्हा वाचला. 'तुला अक्कल हाय का?' या ओळीशी ते बराच वेळ थांबले.

"ट्रंकला आमी असंच करायचो," झुंबरबाई सांगू लागल्या. "लाइन बिघडली म्हंजे दोष लांबच्या तारंत हाय का आपल्याच यंत्रात, ते बगायला आपला आवाज आपल्याच कानात फिरवून घ्यायचा. त्येवढा वेळ पुढची तार तुटल्यागत. ह्या डब्यावर त्येच्यासाठीच येक बटण हाय. दाबून धरलं का हितलं बोलणं हितल्या हितं परत. आनि तिकडं आजऱ्याला दिवा गुल."

"पण आम्हांला अकरा दिवसांत कळलं कसं नाही?" मी म्हणालो.

"कसं कळंल? दुसऱ्या कुठल्या कचेरीत लाइन तपासाया 'एक दोन तीन' म्हटलं असतं आनि समोरच्यानं 'चार पाच सहा' म्हटलं असतं. तू राम राम घातलास. राम रामाला उत्तर राम रामच असतंय की रं!"

दोन वर्षं मी रोज मोठ्या आस्थेनं राम राम घातला होता. त्यांतले शेवटचे अकरा मीच मला घातले होते.

"पन बटण दाबून कोन धरतंय?" मेहमुदानं विचारलं. आता तिच्या आवाजात धार होती. "दहापासनं दोनपतूर, रोज?"

"ते मी बुधवारीच खाल्लं," झुंबरबाई म्हणाल्या आणि दाराकडं तोंड करून ओरडल्या, "गणपत! दही आण!"

गणपतराव दारात आले. "मावशी, अजून दोन वाजलं न्हाईत."

"वाजलं न्हाईत तर काय झालं?"

"अजून लागलं नसंल न्हवं. दोनला काढतो मी रोज."

"कुठनं काढतोस?"

गणपतराव गप्प झाले. पण माणसाचे डोळे गप्प बसत नाहीत. ते माझ्या खुर्चीच्या मागं, क्रोशाच्या पडद्यावर गेले.

मी उठून पडदा बाजूला केला. आमच्या मोडेमच्या डोक्यावर, मफलरमध्ये नीट गुंडाळलेला, स्टीलचा दोन शेर दुधाचा डबा बसला होता.

६

"थंडी पडली तसं घरात दही लागंना," गणपतराव सांगत होते. ते आता रडायच्या बेतात होते. "साहेबांचं पोट. वैद्यानं सांगिटलेलं. हितं बगितलं तर ह्यो डबा चुलीवानी उबदार. म्हटलं, फुकट जातीया ऊब. बाळासो यायच्या आधी साडेनऊला ठिवायचं आनि दोनला काढायचं. बटणं हायती, ती काय करत्यात, मला काय ठावं? मशीनला मी बोट लावलं न्हाय. डबा ठिवला फकस्त."

मी दोन्ही हातांनी दह्याचा डबा उचलला. खालचं बटण टक् करून वर आलं. मग मशीनवर बसलो आणि पुन्हा 'राम राम' लिहून पाठवलं. आम्ही पाचहीजण कागदाकडं बघत राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली. कागद कोराच राहिला. आजऱ्याची खोली रिकामी होती आणि रिकाम्या खोलीतून काहीही येत नव्हतं. अकरा दिवसांतली ही पहिली खरी सकाळ.

मेहमुदानं हातातला मेमो उघडला, घडी सरळ केली आणि हंबीररावांपुढं ठेवला.

"साहेब, येक इचारायचं हुतं. ह्येचा खुलासा मी द्यायचा, का ज्यानं लिवलं त्यानं?"

हंबीरराव लालेलाल झाले. ते आता गरजणार, म्हणून मी कागद सावरून धरले. पण झुंबरबाई नुसत्या म्हणाल्या, "हंब्या."

हंबीररावांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. मेमोच्या खाली, गिचमिड अक्षरात, त्यांनी लिहिलं: 'सदर उद्धट मजकूर माझा आहे. ज्यास उद्देशून होता तोही मीच. चूक झाली.' खाली सही केली. मग खणातून दुसरा कागद काढला, मेहमुदाला कायम करण्याचा, आणि त्यावरही केली.

"पोरी," ते म्हणाले, "मी लई बोललो तुला." कागदावर माफी लिहिणं त्यांना जमलं होतं, तोंडानं एवढंच जमलं.

मेहमुदानं दोन्ही कागद पदरात धरले आणि मग ती रडली. उभी राहून, आवाज न करता, बराच वेळ. झुंबरबाईंनी तिला ओढून आपल्या खुर्चीत बसवलं. पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. गणपतराव घाईघाईनं भाकरी घेऊन आले, आणि सवयीनं डब्याचं झाकणही उघडलं. दही अर्धवट लागलेलं, दुधासारखं पातळ.

"दोनपतूर ऱ्हाऊ दिलं असतं तर..." ते पुटपुटले. झुंबरबाईंनी नुसतं बघितलं. ते डबा घेऊन गेले. जाता जाता मला हळूच विचारलं, "बाळासो, तुमच्या घरचा टीव्ही तापतोय का वो?"

सोमवारी मी नऊलाच आलो. कोनाड्याचा पडदा बायकोची नाराजी पत्करून घरी नेला होता. मोडेम उघडा होता, वर काही नव्हतं. रजिस्टरातल्या अकरा 'उत्तम'वर मी शनिवारीच लाल शाईनं रेघ मारली होती. अध्यक्षांच्या 'शाब्बास'वर मात्र मारता येईना.

ठीक दहाला 'राम राम' लिहून बटण दाबलं. घड्याळ बघत राहिलो. दहा सेकंद. वीस. सत्तावीस. मशीन खडखडलं.

राम राम

बस, एवढंच. काका नाही. खुर्ची मागं लोटून मी कोनाड्याकडं धावलो, मोडेमच्या वर, खाली, मागं, सगळीकडं हात फिरवला. कुठंच काही नव्हतं. मग दुसरं काहीतरी असेल. तिला माझ्या भांगाबद्दल झुंबरबाईंनी सांगितलं असेल. आणि इतके दिवस रोज मी तिला खोटी ठरवलं होतं, आता ती मला काका कशाला म्हणेल?

माझ्या पाठीमागं मशीन पुन्हा खडखडलं. मी वळून वाचलं.

काका, कोनाडा बघून झाला का?

मी एकटाच मोठ्यानं हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग खुर्चीत बसलो, रजिस्टर उघडलं आणि सेकंदांच्या रकान्यात सत्तावीस लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, लिहिलं: 'काका आला.'